दुसरी प्रत

राजस्थानातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या आवारात पाऊल टाकले की पहिल्या पाच मिनिटांत एक शब्द कानावर पडतोच: नकल. जमाबंदीची नकल, नकाशाची नकल, निवाड्याची नकल. माझ्या सेवेची काही वर्षे त्या राज्यात गेली. सुरुवातीला हा शब्द मराठी कानाला खटकायचा, कारण आपल्याकडे नक्कल करणारा म्हणजे तमाशातला सोंगाड्या, नाहीतर वर्गातला व्रात्य मुलगा. पण जरा आठवले तर आपल्याही महसूल खात्यात हाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. ‘नकलेचा अर्ज’ आणि ‘खरी नक्कल’ हे शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी सहज असत. अस्सल सरकारात, नक्कल हातात. आणि अस्सल हरवले तर नकलेवरून अस्सल पुन्हा उभे करायचे. कारभाराची ही फार जुनी रीत आहे.

संगणक आला तेव्हा या रीतीला ‘बॅकअप’ असे नाव मिळाले आणि कागदाच्या जागी चुंबकीय फीत आली. नाव बदलल्यामुळे अनेकांना वाटले की ही गोष्ट संगणकवाल्यांची आहे, आपला तिच्याशी संबंध नाही. मला हे मुळीच पटत नाही. दुसरी प्रत ठेवणे हे प्रशासनाचे काम आहे. ती प्रत ताडपत्रावर आहे की फितीवर, हा पुढचा प्रश्न. आणि दुसरी प्रत म्हणजे काय हे समजून घ्यायला जयपूरइतके चांगले गाव हिंदुस्थानात क्वचितच सापडेल. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी यात एक आपल्या घरचीही गोष्ट आहे. ती पुढे येईल.

आधी फितीविषयी. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने जमिनीच्या अभिलेखांचे संगणकीकरण देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. त्या आठांत महाराष्ट्रातला वर्धा होता आणि राजस्थानातला डूंगरपूर. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांत पसरली आणि जिल्हाधिकारी कचेरीच्या एखाद्या खोलीत, वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा संगणक दिसू लागला. ती खोली पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जाई. चपला बाहेर काढून आत जायचे, देवघरात जावे तसे. संगणकाशेजारी टेपचे यंत्र असे. आधी पाव इंची फितीचे मोठे कार्ट्रिज आले, खाली अॅल्युमिनियमची पट्टी असलेले, त्यात दीडशे मेगाबाइट मावत. नंतर चार मिलिमीटर रुंदीच्या फितीची, आगपेटीपेक्षा थोडी मोठी ‘डॅट’ कॅसेट आली, तिच्यात सुमारे दोन गीगाबाइट. आज खिशातल्या फोनमधली काही मिनिटांची चित्रफीतही एवढी जागा घेऊ शकते, पण त्या काळी त्या एका कॅसेटमध्ये आख्ख्या तहसिलीचे खातेदार आरामात राहत.

संध्याकाळी काम संपले की ऑपरेटर कॅसेट घाली आणि ‘टार’ ही आज्ञा देई. या शब्दाचा डांबराशी संबंध नाही. ‘टेप आर्काइव्ह’ या दोन शब्दांचे ते लघुरूप. टेपची यंत्रे बहुतेक कचेऱ्यांतून गेली, पण ही आज्ञा जगभरच्या संगणकांवर अजून रोज चालते. सोमवार ते शनिवार सहा कॅसेट, त्यांवर दर आठवड्याची एक, तिच्यावर दर महिन्याची एक. जुनी झाली की तीच पुन्हा वापरायची. संगणकाच्या जगात या फेऱ्याला आजोबा-बाप-मुलगा असे म्हणतात. मुलगा बिघडला तर बापाकडे जायचे, बापही गेला असेल तर आजोबांकडे. एकत्र कुटुंबाची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही.

एका जिल्ह्यातील प्रसंग मला जवळून पाहता आला. जिल्ह्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे प्रसंग त्या काळी अनेक ठिकाणी घडले असणार. संगणकाची हार्ड डिस्क एके सकाळी बंद पडली. कोणी घाबरले नाही; टेपचे रजिस्टर होते, त्यात रोजची नोंद होती, रोजची सही होती, कपाटात लेबल लावलेल्या कॅसेट ओळीने उभ्या होत्या. एकेक कॅसेट घालून पाहिली. एकही वाचली जाईना. यंत्राच्या वाचक-शीर्षावर राजस्थानच्या धुळीचा थर बसला होता. साफ करण्याची खास कॅसेट मिळालेली होती, पण ती वेष्टनातच होती. शीर्ष हळूहळू सरकलेही होते, त्यामुळे ज्या थोड्या फितींवर काही उमटले होते त्या दुसऱ्या यंत्रावर चालेनात. डॅट कॅसेटवर माहिती तिरप्या रेषांत लिहिली जाते, व्हिडिओ कॅसेटप्रमाणे. लिहिणाऱ्या यंत्राचा कोन किंचित चुकला तर ते स्वतःचे अक्षर स्वतः वाचू शकते, इतर कोणी नाही. ज्याचे अक्षर फक्त त्यालाच लागते असे कारकून आपण पाहिलेले आहेत. हे त्यांचेच यांत्रिक रूप.

सहा महिन्यांच्या नोंदी गेल्या. त्या परत आल्या त्या पटवाऱ्याच्या कागदी जमाबंदीवरून. राजस्थानात जमाबंदी दर चार वर्षांनी नव्याने लिहिली जात असे, एक प्रत पटवाऱ्याकडे आणि एक तहसिलीत. या दोन जागी असण्यानेच काम भागले. तरी काही ताज्या नोंदी कागदावरही चढायच्या राहिल्या होत्या. अशा एका नोंदीत नुकत्याच विधवा झालेल्या बाईचे नाव नवऱ्याच्या जागी लागले होते, आणि दीर ते मान्य करायला तयार नव्हता. तिने ओढणीच्या टोकाला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडली आणि आतून शिक्क्याची नकल काढून टेबलावर ठेवली. सरकारच्या तीन प्रती होत्या: डिस्क, टेप, कागद. त्या दिवशी उपयोगी पडली ती चौथी.

रजिस्टरमध्ये सही होती, फितीवर काही नव्हते. या एका वाक्यात बॅकअपचे सारे मर्म आहे असे मला वाटते. लिहिणे ही एक क्रिया आणि वाचून पाहणे ही दुसरी. पहिलीची नोंद ठेवता येते म्हणून आपण ती ठेवतो. दुसरी करून पाहण्याचा आदेश बहुतेक परिपत्रकांत असतोच, पण त्यासाठी वेगळा संगणक लागतो, वेळ लागतो, आणि केल्याने दृश्य असे काहीच घडत नाही.

आता जयपूर. शहर सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवले; त्याआधीची राजधानी डोंगरातली आमेर. आमेरचे कछवाह राजे अकबरापासून मोगलांचे मनसबदार होते. मनसबदार स्वतः काबूलला नाहीतर दख्खनेत मोहिमेवर, आणि त्याचे भवितव्य ठरणार बादशहाच्या दरबारात. म्हणून प्रत्येक मोठा राजा आपला वकील दरबारी ठेवी. दरबारात रोज काय घडले, कोणाला खिलत मिळाली, कोणाची जहागीर कापली, कुठून कोणता अर्ज आला, हे कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर घाईच्या शिकस्ता लिपीत उतरवून वकील धन्याकडे पाठवी. हे ते अखबारात. त्यांच्या जोडीला वकिलांची स्वतःची पत्रे, म्हणजे वकील रपोट आणि अर्जदाश्ती. परगण्यांच्या जमाखर्चाचे अडसट्टे वेगळेच. हे सारे आमेरला आणि पुढे जयपूरला येऊन गाठोड्यांत बांधले गेले.

दिल्लीचे काय झाले? १७३९ मध्ये नादिरशहा आला, मग अब्दाली, मग रोहिले, जाट आणि आपण मराठे, आणि शेवटी १८५७. मोगल बादशाहीचे मध्यवर्ती दप्तर, ज्यात अर्ध्या जगाचा हिशेब होता, ते जवळजवळ नाहीसे झाले. औरंगजेबाच्या दरबारात अमुक तारखेला काय घडले हे आज कळते ते मुख्यतः जयपूरला गेलेल्या त्या पट्ट्यांवरून. दिल्लीच्या कोणा अधिकाऱ्याने ‘आपल्या दप्तराची एक प्रत दूर ठेवू’ असे ठरवले नव्हते. आमेरच्या राजाला फक्त आपल्या धन्याच्या मनात काय आहे हे हवे होते. हेतू हेरगिरीचा, फळ बॅकअपचे. कर्नल जेम्स टॉडने यातलाच काही भाग लंडनला नेऊन रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला, म्हणजे प्रतीचीही आणखी एक जागा झाली. आपल्याकडे पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे यांचे दप्तर नाशिकजवळच्या चांदोरीला राहिले आणि अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या राजकारणाचा मोठा भाग त्यातून उजेडात आला, तो असाच प्रकार. राजधानी जळते, वकिलाचे गाव राहते.

आणि ही ती घरची गोष्ट. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात औरंगजेबासमोर उभे राहिले आणि ऑगस्टच्या मध्यावर त्या पहाऱ्यातून नाहीसे झाले. आपल्याला हा प्रसंग पाठ आहे. पण त्याचा पुरावा कुठे होता? १६८९ मध्ये झुल्फिकारखानाने रायगड घेतला तेव्हा तिथले दप्तर नष्ट झाले असे आपले इतिहासकार मानतात. सभासदाची बखर लिहिली गेली १६९७ च्या सुमारास, जिंजीला, म्हणजे घटनेनंतर तीस वर्षांनी. फारसी तवारिखा बादशहाच्या बाजूच्या. आग्र्यात त्या तीन महिन्यांत रोज काय चालले होते, हे पाहणाऱ्याने त्याच दिवशी लिहिलेले आपल्याकडे काही नव्हते.

ते होते जयपूरला. मिर्झाराजे जयसिंहांनी पुरंदरच्या तहानंतर महाराजांना आग्र्याला पाठवले तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेची हमी मिर्झाराजांच्या मुलाने, कुंवर रामसिंहाने घेतली होती. साहजिकच आमेरच्या घराण्याची अब्रू या प्रकरणात अडकली. मिर्झाराजे दख्खनेत, मुलगा आग्र्यात, दिवाण आमेरला. म्हणून आग्र्यातला परकालदास नावाचा कछवाहांचा माणूस आमेरच्या दिवाण कल्याणदासाला राजस्थानीत पत्रे लिहीत राहिला. महाराज कसे दिसतात, बरोबर किती माणसे आहेत, हत्तीवर निशाण कसले आहे, दरबारात कोणाच्या मागे उभे केले म्हणून ते संतापले, रामसिंहाने जामीनकतबा कसा लिहून दिला, फौलादखानाचे पहारे कसे बसले. आणि मग एके दिवशी, ‘शिवा’ जागेवर नाही म्हणून उडालेली धांदल. लिहिणारा ना मराठा ना मोगल. त्याला स्तुती करायची नव्हती आणि निंदाही नाही. आपल्या धन्यावर काय बालंट येते आहे एवढाच त्याला घोर. अशा माणसाचा अहवाल किती विश्वसनीय असतो हे ज्याने कचेरीत चार वर्षे काढली त्याला सांगायला नको.

ही पत्रे आमेरहून जयपूरला गेलेल्या दप्तरात पावणेतीनशे वर्षे पडून होती. विसाव्या शतकात सर यदुनाथ सरकारांनी जयपूरचे दप्तर पाहिले तेव्हा ती त्यांच्या हाती आली. यदुनाथ आणि आपले रियासतकार सरदेसाई यांची मैत्री मराठी वाचकांना ठाऊक असते. पण यदुनाथांचा दुसरा सहकारी आपल्याला तेवढा परिचित नाही. माळव्यातल्या सीतामऊ या लहानशा संस्थानाचे महाराजकुमार डॉ. रघुबीर सिंह. या माणसाला प्रती करण्याचे वेड होते. जिथे कुठे फारसी हस्तलिखित किंवा अखबारात असेल तिथून नक्कल, फोटो, पुढे मायक्रोफिल्म करवून ते सीतामऊला आणत. यदुनाथ १९५८ मध्ये गेले. आग्र्याची राजस्थानी पत्रे दोघांच्या नावे १९६३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. यदुनाथांनी १९४० च्या सुमारास लिहून ठेवलेला जयपूरचा इतिहास तर चाळीसहून अधिक वर्षे छापलाच गेला नव्हता. तो १९८४ मध्ये रघुबीर सिंहांनीच संपादून बाहेर आणला. मूळ कागद आता बिकानेरला आहेत: राजस्थान राज्य अभिलेखागार १९५५ मध्ये जयपूरला सुरू झाले आणि १९६० मध्ये बिकानेरला हलवले गेले. त्यावर तेव्हा जयपूरवाले नाराज झाले असतील, पण कोरड्या हवेच्या दृष्टीने निर्णय वाईट नव्हता.

कारण जयपूर वाळवंटाच्या कडेचे असले तरी त्याला पाण्याचे भय आहे. जुलै १९८१ मध्ये तिथे असा पाऊस झाला की जुन्या लोकांची कालगणनाच त्यावरून चालते. आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी काही तासांच्या मुसळधार पावसात रामनिवास बागेतल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात पाणी शिरले. तिथली इजिप्तची ममी पेटी फोडून वाचवली गेली, आणि बातमी झाली ती तिचीच. पण तळमजल्यावर पुरातत्त्व खात्याच्या नस्त्याही होत्या. त्या चिखलात भिजल्या आणि मग उन्हात पसरून वाळत घातल्या गेल्या. ममीची जगात दुसरी प्रत नसते, हे खरे. नस्त्यांची मात्र असू शकते. मुंबईत २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले तेव्हा माणसे दगावली आणि हजारो नस्त्या गेल्या. त्यानंतर जिल्हे आणि संचालनालये यांच्याकडच्या प्रतींवरून जमेल तेवढे पुन्हा उभे करण्याचे काम सुरू झाले. म्हणजे तेच: वकिलाचे गाव.

चुंबकीय फितीचा जन्म जर्मनीतला, १९२८ सालचा. फ्रिट्झ फ्लॉयमर सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टा उमटवण्याची युक्ती शोधत होता. तीच पद्धत वापरून त्याने कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चिकटवले आणि तिच्यावर आवाज साठवला. संगणकाला ती १९५१-५२ मध्ये जोडली गेली. आयबीएमच्या पहिल्या फितीच्या रिळावर वीस लाखांच्या आसपास अक्षरे बसत, म्हणजे पंचवीस हजार पंचकार्डांचा ढीग एका रिळात. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाबरोबर अशी रिळे आपल्या देशात नियमित फिरू लागली. एलटीओ जातीच्या नवव्या पिढीच्या एका कार्ट्रिजमध्ये अठरा हजार गीगाबाइट मावतात. फीत मेली असे दर पाच वर्षांनी कोणीतरी जाहीर करते, आणि मोठी माहिती केंद्रे ती विकत घेतच राहतात.

का घेतात? स्वस्त आहे आणि पडून असताना वीज खात नाही, हे झाले एक कारण. खरे कारण वेगळे आहे. कपाटात ठेवलेली फीत कशालाही जोडलेली नसते. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या एका सदोष आज्ञावलीने काही जीमेल खात्यांतील पत्रे पुसून टाकली. कंपनीकडे त्या पत्रांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या केंद्रांत होत्या, पण सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या, त्यामुळे चूक सगळीकडे पोचली. पत्रे परत आली ती फितींवरून. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, रुग्णांच्या नोंदी कुलूपबंद झाल्या आणि दोन आठवडे कारभार कागदावर चालला. तिथेही हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअपनेच माहिती परत मिळवून दिली. जोडलेली प्रत ही प्रत नव्हे, ते प्रतिबिंब. आरशासमोरच्या माणसाचा पाय मोडला तर आरशातलाही मोडतो.

पण फितीचा एक दुर्गुणही आहे: ती पुन्हा वापरता येते. चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या मूळ दूरमापन फिती नासाने तीन वर्षे शोधल्या आणि २००९ मध्ये मान्य केले की त्या बहुधा पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या. फितींचा तुटवडा होता. आपल्या भांडारपालाने पाठकोऱ्या कागदावर टिपण लिहावे, तशातलाच हा मामला.

मघाच्या त्या चौथ्या प्रतीकडे आता वळतो, कारण तिचा इतिहासही जयपूरच्या रस्त्यावर घडला आहे. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोट किराना गावी पहिली जनसुनावणी घेतली. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके गावासमोर वाचली गेली तेव्हा मेलेली माणसे मजुरी घेताना दिसली. त्यापुढची मागणी साधी होती: या कागदांची नकल आम्हाला द्या. नुसते पाहू देऊ नका, द्या. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले. १९९७ च्या मे महिन्यापासून जयपूरच्या उन्हात, सचिवालयाजवळ, त्रेपन्न दिवस झाले. शेवटी सरकारने जाहीर केले की पंचायतीच्या कागदांच्या प्रमाणित प्रती देण्याची अधिसूचना तर सहा महिन्यांपूर्वीच निघालेली आहे! म्हणजे राजपत्र छापले गेले होते, कपाटात होते, आणि बाहेर माणसे ते मिळावे म्हणून बसली होती. लिहिणे आणि वाचले जाणे यांतले अंतर याहून स्पष्ट कुठे दिसेल? राजस्थानचा माहितीचा कायदा २००० मध्ये झाला, देशाचा २००५ मध्ये.

सेवेतल्या अनेक सहकाऱ्यांना या कायद्याचा जाच वाटतो, आणि काही अर्जदार छळतात हे मी नाकारत नाही. पण माहिती-व्यवस्थेच्या अंगाने पाहिले तर या कायद्याने सरकारी दप्तराच्या लाखो प्रती अशा जागी ठेवल्या की तिथे एकाच आगीत, एकाच पुरात किंवा एकाच सोयीस्कर ‘गहाळ’ शेऱ्यात त्या सगळ्या जाऊ शकत नाहीत. त्या ओढणीच्या गाठीत आहेत.

आज जयपूरच्या झालाना भागात २०१८ पासून भामाशाह राज्य माहिती केंद्र उभे आहे. राणा प्रतापांना धन पुरवणाऱ्या मंत्र्याचे नाव माहितीच्या तिजोरीला देणे हे मला आवडले. त्याची आपत्कालीन प्रत जोधपूरला ठेवण्याची व्यवस्था आहे, म्हणजे पाऊस झाला तर दोन्ही ठिकाणी एकदम नको, हा विचार झालेला आहे. माणसांच्या सवयी मात्र यंत्रांइतक्या वेगाने बदलत नाहीत. मे २०२३ मध्ये त्याच शहरातल्या योजना भवनाच्या तळघरात, जुन्या नस्त्या स्कॅन करण्यासाठी, किल्ल्या हरवलेली कपाटे उघडली गेली. एकात नस्त्या निघाल्या, दुसऱ्यात दोन कोटी एकतीस लाख रुपये रोख आणि किलोभर सोने. देशभर हसू झाले. मला रोकडीपेक्षा पहिल्या कपाटाचे कुतूहल वाटले: त्या नस्त्यांची किल्ली नाही, याची खंत इतकी वर्षे कोणालाच कशी वाटली नसेल?

किल्ली नेहमीच लोखंडाची असते असे नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत जुने महसुली कागद, शाळांची रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या वह्या बाहेर निघाल्या. मराठवाड्याच्या निजामकाळच्या नोंदींसाठी हैदराबादलाही जावे लागले. कागद होते, जागच्या जागी होते. पण ते मोडीत होते, आणि काही उर्दूत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जाणारी लिपी वाचणारी माणसे जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती शोधून आणावी लागली. मोडी वाचक म्हणजे त्या फितीचे यंत्रच. फीत शाबूत आणि यंत्र नाही, अशी स्थिती आपण सत्तर वर्षांत स्वतःहून आणली.

यंत्रांचे आयुष्य तर याहून फार कमी. एलटीओची यंत्रे सुरुवातीला मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचत. आठव्या पिढीपासून फक्त एकच मागची पिढी वाचू लागली, आणि २०२५ मध्ये आलेली दहावी तर मागची एकही वाचत नाही. फीत तीस वर्षे टिकेल असे उत्पादक सांगतात. ती वाचणारे यंत्र दहा-बारा वर्षांनी मिळणे कठीण होते. म्हणून दर दशकात जुन्या फितीवरचे सारे नव्या फितीवर उतरवावे लागते, आणि उतरवताना वाचूनही पाहावे लागते. जयपूरच्या पोथीखान्यात हेच काम लेखनिक करीत. जुनी पोथी जीर्ण झाली की नवी लिहायची आणि शेवटी शोधून पाहिली असे नोंदवायचे. त्याला वेतन होते, पद होते, अंदाजपत्रकात जागा होती. आपल्या माहिती केंद्रांच्या निविदांत यंत्रखरेदीची रक्कम पहिल्या पानावर असते. दहा वर्षांनंतरच्या या उतरवण्यासाठी लागणारी रक्कम कोणत्या पानावर आहे, हे मी प्रत्येक आढावा बैठकीत विचारत आलो.